चालू सेवेतले सर्व्हर एकेक करून बदलणे : ॲन्सिबलने क्रमवार अदलाबदल कशी करावी

सेंटओएस ७ या लिनक्स कार्यप्रणालीचा अधिकृत आधार ३० जून २०२४ रोजी संपला, तेव्हा आमच्या सहा वेब सर्व्हरांपैकी एकही नव्या प्रणालीवर गेलेला नव्हता. आम्ही बडोद्यात बसून काम करतो, सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहेत, आणि त्यांवरचे ॲप्लिकेशन कार्यक्रमांची तिकिटे व गरब्याचे पास विकते. वर्षातल्या त्या नऊ रात्री सेवा पाच मिनिटे जरी बंद पडली, तरी मैदानाच्या दारावर रांग लागते. जुलै-ऑगस्टमध्ये एका सहकाऱ्याने दोन सर्व्हर हाताने बदलले. तिसऱ्याचे काम अर्धवट असताना ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला, तो राहतो त्या समा भागातली वीज गेली, आणि पुढले दोन दिवस त्याच्याशी संपर्क होऊ शकला नाही. दांडिया बाजारातल्या घरी बसून मला एवढे दिसत होते की तिसरा सर्व्हर लोड बॅलन्सरमधून, म्हणजे सर्व्हरांमध्ये रहदारी वाटणाऱ्या यंत्रातून, बाहेर काढलेला आहे; त्यावर काय करून झाले आहे आणि काय राहिले आहे, हे सांगणारी एकही ओळ कुठे लिहिलेली नव्हती. ३ ऑक्टोबरला घट बसणार होते.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत आम्ही ॲन्सिबल या स्वयंचलनाच्या साधनासाठी जे प्लेबुक, म्हणजे कामांची क्रमवार यादी, लिहिले आणि चालवले, त्याच्या आधारे पुढची पद्धत मांडली आहे. माझे मत आरंभीच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. नवा सर्व्हर उभा करण्याचे काम कोणतेही साधन करून देते. खरे कष्ट दोन गोष्टींत आहेत : कोणत्या क्षणी थांबायचे हे प्लेबुकला शिकवणे, आणि ते जिथे थांबेल तिथे सेवा पूर्ण ताकदीने चालू असेल अशा क्रमाने कामे रचणे.

साधन आणि आवृत्ती

आमची मांडणी अशी होती : पुढे एचएप्रॉक्सीचे दोन लोड बॅलन्सर, त्यांच्यामागे सहा वेब सर्व्हर, लॉगिनची सत्रे साठवण्यासाठी रेडिस, आणि सर्वांत मागे पोस्टग्रेसचा डेटाबेस. सत्रे वेब सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर किंवा मेमरीत असतील, तर आधी ती बाहेर काढावीत. त्याशिवाय पुढचे काहीही सुरळीत होणार नाही.

पपेट हे साधन सर्व्हरची स्थिती दीर्घकाळ नीट राखण्यासाठी उत्तम आहे. त्याचा एजंट, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर बसवलेला छोटा प्रोग्राम, मूळ सेटिंगनुसार दर ३० मिनिटांनी मुख्य सर्व्हरकडून वर्णन घेऊन जातो आणि आपापले काम करतो. पण ‘आधी हा, तो नीट चालला तरच पुढचे दोन’ असा अनेक सर्व्हरांमधला क्रम त्याच्या स्वभावात नाही. सॉल्ट या तशाच साधनात तुकड्या पाडून आज्ञा चालवता येते. आम्ही ॲन्सिबल निवडले, कारण ते एसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या सोयीवरून चालते, सर्व्हरवर एजंट लागत नाही, आणि क्रम हीच त्याची मूळ कल्पना आहे.

ॲन्सिबलची आवृत्ती मात्र विचारपूर्वक निवडावी लागते. ॲन्सिबल-कोअर २.१७ पासून ज्या सर्व्हरवर काम करायचे आहे त्यावर पायथन २.७ असून चालत नाही, आणि सेंटओएस ७ वर मुळात तोच असतो. जुना सर्व्हर बंद करण्याचे काम प्लेबुकलाच करायचे असल्यामुळे त्याच्याशी बोलता येणे आवश्यक आहे. म्हणून अदलाबदल पूर्ण होईपर्यंत नियंत्रक यंत्रावर, म्हणजे जिथून प्लेबुक चालते तिथे, २.१६ ठेवावी, अल्मालिनक्स ९ ही नवी प्रणाली असलेल्या सर्व्हरांशीही ती उत्तम बोलते.

डेटाबेसचा सर्व्हर या पद्धतीने बदलू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी या पायाभूत लायब्ररीची २.१७ आवृत्ती आहे, आणि जीलिबसीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा वर्णानुक्रम ठरवण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेसच्या मजकुरावरच्या इंडेक्स, म्हणजे शोधासाठीच्या क्रमवार सूची, त्या नियमांनुसार रचलेल्या असतात. जुन्या प्रणालीवरची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी नव्या प्रणालीवर नेली, तर त्या इंडेक्स चुकीच्या ठरतात आणि डेटाबेस कोणतीही तक्रार न करता चुकीची उत्तरे देऊ लागतो. तिथे इंडेक्स नव्याने बांधणे किंवा डेटा लॉजिकल पद्धतीने, म्हणजे फाइलींऐवजी नोंदींच्या रूपात, हलवणे हाच मार्ग आहे, आणि तो स्वतंत्र विषय आहे.

पहिली पायरी : जुन्या सर्व्हरची खरी नोंद

प्लेबुकची एकही ओळ लिहिण्याआधी जुन्या सर्व्हरवर प्रत्यक्षात काय आहे याची नोंद करावी. दस्तऐवजात लिहिलेले आणि सर्व्हरवर असलेले यांत वर्षानुवर्षे अंतर पडत गेलेले असते. बसवलेल्या पॅकेजांची यादी, प्रत्येक वापरकर्त्याचे क्रॉनटॅब (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी), होस्ट्स फाइलमध्ये हाताने घातलेल्या ओळी, फायरवॉलचे नियम, कर्नलच्या बदललेल्या किमती, फाइल उघडण्याच्या मर्यादा आणि सर्टिफिकेट कुठून नूतनीकृत होते ते, एवढे सहाही सर्व्हरांवरून ॲन्सिबलनेच गोळा करून एकमेकांशी ताडून पाहावे. आमचे सहा सर्व्हर ‘एकसारखे’ आहेत असे आम्ही सगळे मानत होतो. तीन सर्व्हरांवर होस्ट्स फाइलमध्ये एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता हाताने लिहिलेला होता, तीनांवर नव्हता.

या नोंदीत एक गोष्ट सुटली आणि तिने आम्हांला सर्वांत जास्त शिकवले. आमच्या पासाची पीडीएफ सर्व्हरवर तयार होते. त्यावर कार्यक्रमाचे नाव गुजरातीत आणि पुष्कळदा मराठीतही असते. हाताने बदललेल्या दोन सर्व्हरांपैकी एकावर सहकाऱ्याने गुजराती व देवनागरी फॉन्ट बसवले होते, दुसऱ्यावर ते राहून गेले. त्यामुळे साधारण सहातला एक पास असा निघत होता की त्यावर कार्यक्रमाच्या नावाच्या जागी ओळीने कोरे चौकोन होते, आणि त्याखाली क्यूआर कोड मात्र व्यवस्थित होता. सर्व्हरच्या आरोग्याची तपासणी (हेल्थ चेक) हिरवी, लॉगमध्ये एकही चूक नाही. एका ताईंनी पासाचा फोटो काढून पाठवला तेव्हा आम्हांला कळले. फॉन्ट हे पॅकेज आहे, ते रोलमध्ये, म्हणजे प्लेबुकमधल्या कामांच्या गटात, लिहिलेच पाहिजे, आणि तपासणीतही त्याला जागा दिली पाहिजे.

वेळेचा विभाग ही अशीच दुसरी जागा. क्लाउडवरच्या तयार प्रतिमांमध्ये घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असते. रात्री दोनचे क्रॉन तिथे सकाळी साडेसातला चालते, आणि रात्रीच्या शांततेसाठी योजलेले जड काम लोक जागे झाल्यावर सुरू होते. आशिया/कोलकाता ही सेटिंग पहिल्याच टास्कमध्ये असावी आणि ती बदलल्यावर क्रॉनची सेवा पुन्हा सुरू करावी.

याच टप्प्यावर बाहेरच्यांना पत्रे लिहावीत. पेमेंट गेटवे, बँक, एसएमएस सेवा यांच्याकडे आपले आयपी पत्ते नोंदवलेले असतात, आणि नव्या सर्व्हरचे पत्ते त्यांच्या यादीत येईपर्यंत दिवस जातात. हे काम शेवटी ठेवले, तर सर्व काही तयार असूनही आठवडाभर वाट पाहावी लागते. नव्या सर्व्हरवरून त्या सेवांशी जोडणी होते का, तेही लगोलग पाहावे : अल्मालिनक्स ९ च्या मूळ धोरणात जोडणी कूटबद्ध करणाऱ्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या बंद आहेत, आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतीवर आधारलेल्या सह्याही चालत नाहीत. समोरचा सर्व्हर जुना असेल, तर काल चालणारी जोडणी आज नाकारली जाते.

दुसरी पायरी : भाराचे आणि जोडण्यांचे गणित

सहा सर्व्हर प्रत्येकी ६० टक्के भाराने चालत असतील आणि त्यांतला एक काढला, तर उरलेल्या पाचांवर ७२ टक्के भार येतो. दोन काढले, तर चौघांवर ९० टक्के. तीनच सर्व्हर असतील, तर एक काढताच इतर दोघांवरचा भार दीडपट होतो. म्हणून ‘आधी काढा, मग घाला’ हा क्रम मी कधीही सुचवणार नाही. आधी नवा घालावा, तो खरी रहदारी पेलतो हे पाहावे, आणि मगच जुना काढावा. काही तासांचे अधिक भाडे हा यातला सर्वांत स्वस्त खर्च आहे.

मात्र या क्रमाला स्वतःचा एक धोका आहे. पोस्टग्रेसमध्ये एकूण जोडण्यांची मर्यादा मूळ सेटिंगनुसार १०० असते आणि त्यांतल्या ३ मुख्य वापरकर्त्यासाठी राखीव असतात, म्हणजे ॲप्लिकेशनला ९७ उरतात. आमच्या प्रत्येक वेब सर्व्हरचा जोडण्यांचा साठा १५ होता. सहा सर्व्हर मिळून ९०. सातवा सर्व्हर घातला की मागणी १०५ होते. गर्दीच्या वेळी साठे पूर्ण भरले, की ज्या सर्व्हरला जोडणी मिळणार नाही तो कोणताही असू शकतो, म्हणजे वर्षानुवर्षे नीट चाललेला जुना सर्व्हरसुद्धा. आम्ही एका वेळी जास्तीत जास्त तीन नवे सर्व्हर वाढवणार होतो, म्हणून नऊ सर्व्हर धरून साठा प्रत्येकी १० केला, एकूण ९०. उरलेल्या सातांत पार्श्वकामे आणि देखरेख. हा बदल अदलाबदलीच्या आठवडाभर आधी जुन्या सर्व्हरांवर करून पाहिला, जेणेकरून १० पुरतात की नाही हे वेगळेपणाने कळावे.

त्याच कारणासाठी एक नियम पाळावा : प्रणाली बदलताना ॲप्लिकेशनची आवृत्ती बदलू नये. जुने आणि नवे सर्व्हर काही काळ शेजारी शेजारी चालणार आहेत. त्यांच्यात फरक एकच असेल, तर चुकीचे कारणही एकाच जागी शोधावे लागते.

तिसरी पायरी : इन्व्हेंटरी आणि रोल

इन्व्हेंटरीत, म्हणजे ॲन्सिबलच्या सर्व्हरांच्या यादीत, दोन गट करावेत, ‘जुने’ आणि ‘नवे’. प्रत्येक नव्या सर्व्हरच्या नोंदीत ‘जोडीदार’ नावाचे चल ठेवून त्यात तो ज्याची जागा घेणार त्या जुन्या सर्व्हरचे नाव लिहावे. ही एक ओळ पुढे फार उपयोगी पडते : प्लेबुक नव्या सर्व्हरांवरून फिरते, आणि जुन्यावर करायचे काम ‘डेलिगेट टू’ या सोयीने जोडीदाराकडे सोपवते. नव्या सर्व्हरांना नवी नावे आणि नवे आयपी पत्ते द्यावेत. जुनाच पत्ता पुन्हा वापरला, तर एसएसएचची यजमान-किल्ली बदललेली दिसते, जोडणी नाकारली जाते, आणि मग कोणीतरी घाईत ती तपासणीच बंद करून टाकतो.

रोल तीन पुरेसे आहेत : पायाभूत रोल, त्यात वेळ, वापरकर्ते, फायरवॉल व फॉन्ट; वेब रोल, त्यात इंजिनएक्स (वेबवरच्या विनंत्या घेणारा प्रोग्राम) व ॲप्लिकेशन; आणि देखरेखीचा रोल. पासवर्ड आणि किल्ल्या ॲन्सिबल व्हॉल्टमध्ये कूटबद्ध करून ठेवावेत आणि सर्व काही गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात नोंदवावे. जुन्या सर्व्हरांवर एसई-लिनक्स (प्रोग्रामांना काय करू द्यायचे ते ठरवणारी सुरक्षा-यंत्रणा) सौम्य अवस्थेत ठेवलेले असेल आणि नव्यावर ते सक्त असेल, तर इंजिनएक्सला ॲप्लिकेशनशी बोलण्याची परवानगी नाकारली जाते आणि पाहणाऱ्याला ५०२ ही चूक दिसते. त्यासाठी ‘एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट’ ही खूण रोलमधून चालू करावी. एसई-लिनक्स बंद करणे हा उपाय नव्हे.

रोल पूर्ण झाला हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. एका कोऱ्या सर्व्हरवर तो दोनदा चालवावा, आणि दुसऱ्या वेळी अहवालात बदलांची संख्या शून्य आली पाहिजे. ती शून्य येत नसेल, तर कोणता तरी टास्क दर वेळी तेच काम नव्याने करतो आहे; बहुतेक वेळा तो शेल आज्ञेने लिहिलेला असतो.

चौथी पायरी : आरोग्याची तपासणी

एचएप्रॉक्सी मूळ सेटिंगनुसार दर २ सेकंदांनी तपासते, लागोपाठ ३ वेळा अपयश आले की सर्व्हर बाद धरते आणि लागोपाठ २ वेळा यश मिळाले की परत घेते. प्रश्न हा, की तपासायचे काय? केवळ पोर्ट उघडे आहे का एवढेच पाहिले, तर कोऱ्या चौकोनांचे पास देणारा सर्व्हरही निरोगी ठरतो. उलट, तपासणीत डेटाबेस, रेडिस, एसएमएस सेवा सगळेच गुंफले, तर डेटाबेस क्षणभर अडखळताच सहाही सर्व्हर एकदम बाद होतात आणि असलेली सेवाही जाते.

म्हणून दोन वेगळ्या तपासण्या ठेवाव्यात. लोड बॅलन्सरसाठी हलकी : ॲप्लिकेशन स्वतः उत्तर देते का. प्लेबुकसाठी कडक : डेटाबेसमधून एक नोंद वाचता येते का, रेडिसमध्ये लिहून परत मिळते का, आणि नमुन्याचा एक पास तयार करून त्याच्या पीडीएफमध्ये गुजराती व देवनागरी फॉन्ट प्रत्यक्ष समाविष्ट झाले आहेत का. कडक तपासणी नवा सर्व्हर रहदारीत घेण्याआधी एकदा आणि घेतल्यानंतर पुन्हा चालते. ॲन्सिबलच्या, वेबपत्ता तपासणाऱ्या ‘यूआरआय’ मॉड्यूलला ‘अन्टिल’ची (यश येईपर्यंत पुन्हा करण्याची) जोड देऊन ५ सेकंदांच्या अंतराने ३० प्रयत्न दिले, तर ॲप्लिकेशनला उभे राहायला अडीच मिनिटे मिळतात. त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर आकडा वाढवण्याआधी कारण शोधावे.

पाचवी पायरी : प्लेबुकची रचना

आता मुख्य भाग. प्ले, म्हणजे प्लेबुकचा एक भाग, ‘नवे’ या गटावर चालते आणि ‘सिरियल’ या सेटिंगमध्ये एक, दोन, तीन अशी यादी दिलेली असते. म्हणजे पहिल्या फेरीत एकच सर्व्हर, तो नीट उतरला तर पुढचे दोन, आणि मग उरलेले तीन. ‘सिरियल’ दिले नाही, तर ॲन्सिबल प्रत्येक टास्क सर्वच सर्व्हरांवर पूर्ण करते आणि मगच पुढच्या टास्ककडे वळते. तशा वेळी जुने बंद करण्याचा टास्क आला की तो सहांनाही लागू होतो.

प्रत्येक फेरीतला क्रम असा ठेवावा. आधी रोल चालवून नवा सर्व्हर तयार करावा. मग त्याची कडक तपासणी. ती उतरल्यावर दोन्ही लोड बॅलन्सरांत त्याला सामील करावे. दहा मिनिटे खरी रहदारी येऊ द्यावी आणि कडक तपासणी पुन्हा करावी. त्यानंतर जोडीदार जुन्या सर्व्हरचा निचरा (नवी रहदारी थांबवून चालू व्यवहार संपू देणे) सुरू करावा, त्यावरची सत्रे संपण्याची वाट पाहावी, आणि शेवटी त्याच्या सेवा थांबवाव्यात. या क्रमात प्लेबुक कोणत्याही टास्कवर कोसळले, तरी रहदारी पेलणारे निदान सहा सर्व्हर जागेवर असतात. आपला क्रम लिहून झाल्यावर प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचारावे : येथे वीज गेली तर किती सर्व्हर उरतील?

थांबण्याचे नियम ॲन्सिबलच्या मूळ वागणुकीवर सोडू नयेत. तीनांच्या फेरीत एक सर्व्हर पडला, तर ॲन्सिबल त्याला वगळून इतर दोघांवर काम चालू ठेवते आणि पुढची फेरीही सुरू करते; फेरीतले सगळेच पडले तरच ते थांबते. यासाठी ‘मॅक्स फेल परसेंटेज’, म्हणजे चालवून घ्यायच्या अपयशांची टक्केवारी, शून्यावर ठेवावे. या आकड्याचा अर्थ ‘याहून अधिक’ असा आहे, ‘इतके झाले की’ असा नाही : चारांच्या फेरीत दोन पडताच थांबायचे असेल, तर ५० लिहून चालत नाही, ४९ लिहावे लागते. शून्य लिहिले की एकही अपयश पुरते आणि हिशेब लक्षात ठेवावा लागत नाही.

हे कुंपण नकळत मोडणाऱ्या दोन सवयी आहेत. एक म्हणजे चुकीकडे दुर्लक्ष करण्याची खूण टास्कला लावणे; या प्लेबुकमध्ये ती कुठेही असू नये. दुसरी अधिक लपलेली आहे. ब्लॉकमध्ये, म्हणजे टास्कांच्या गटात, चूक झाल्यास चालणारे ‘रेस्क्यू’ लिहिले आणि ते यशस्वी झाले, की ॲन्सिबल तो सर्व्हर सावरला असे मानते, अपयशाच्या मोजणीत धरत नाही, आणि पुढच्या फेरीकडे जाते. म्हणून ‘रेस्क्यू’मध्ये नवा सर्व्हर लोड बॅलन्सरमधून बाहेर काढून झाल्यावर शेवटचा टास्क ‘फेल’ हाच असावा.

हँडलरचा, म्हणजे निरोप मिळाला तरच चालणाऱ्या टास्कचा, सापळा आम्हांला तालमीत सापडला. रोलमधल्या टास्कने ‘सेवा पुन्हा सुरू करा’ असा निरोप दिला, तरी तो हँडलर लगेच चालत नाही. रोल आणि ‘टास्क्स’ हा विभाग पूर्ण झाल्यावर, ‘पोस्ट टास्क्स’च्या आधी तो चालतो. तपासणी ‘टास्क्स’ विभागात लिहिली, तर ती जुन्या सेटिंगवर चालणाऱ्या सेवेला तपासून उत्तीर्ण करते, आणि सेवा त्यानंतर नव्या सेटिंगसह उठते किंवा उठत नाही. तपासणी आणि त्यापुढचे सर्व काही ‘पोस्ट टास्क्स’मध्ये ठेवावे, किंवा आधी हँडलर मोकळे करण्याचा ‘मेटा’ टास्क द्यावा.

‘रन वन्स’ या खुणेचाही अर्थ येथे बदलतो. ‘सिरियल’ असताना ती संपूर्ण प्लेमध्ये एकदा चालत नाही, प्रत्येक फेरीत एकदा चालते. खरोखर एकदाच करायचे काम, उदाहरणार्थ चमूला निरोप पाठवणे, आधीच्या स्वतंत्र प्लेमध्ये लिहावे. पहिल्या फेरीच्या शेवटी ‘पॉज’ देऊन माणसाच्या होकाराची वाट पाहावी. पहिल्या सर्व्हरचे लॉग डोळ्यांनी वाचल्याशिवाय पुढे जाण्याइतका माझा कोणत्याही तपासणीवर विश्वास नाही.

लोड बॅलन्सरचे काम ‘डेलिगेट टू’ने दोन्ही एचएप्रॉक्सींकडे जावे; एकच लक्षात ठेवला, तर दुसऱ्यावरून त्या सर्व्हरकडे रहदारी जात राहते. यासाठी एचएप्रॉक्सीला आज्ञा देण्याच्या सॉकेटला प्रशासक पातळीची परवानगी द्यावी लागते. सॉकेटवरून केलेला बदल एचएप्रॉक्सी रीलोड झाली की नाहीसा होतो. रात्री सर्टिफिकेटचे नूतनीकरण होऊन रीलोड झाले, तर आपण काढलेला जुना सर्व्हर सकाळी पुन्हा यादीत हजर असतो. म्हणून प्रत्येक फेरीच्या शेवटी सेटिंगची फाइलही साच्यातून नव्याने लिहावी. नव्या सर्व्हरच्या ओळीत ‘स्लोस्टार्ट’ ६० सेकंद दिले, तर कॅशे रिकामी असताना त्याच्यावर एकदम पूर्ण भार पडत नाही.

सहावी पायरी : निचरा

निचऱ्याच्या अवस्थेत एचएप्रॉक्सी त्या सर्व्हरकडे नवी रहदारी वाटत नाही, पण ज्यांच्याकडे त्या सर्व्हरची कुकी आहे त्यांना तिथेच पाठवत राहते. देखभालीच्या अवस्थेत मात्र सगळेच बंद होते. अर्ध्या खरेदीत असलेल्या माणसाचे पैसे बँकेतून वळते झालेले असतात आणि उत्तर परत यायचे असते. त्याच्यासाठी निचरा आवश्यक आहे. सत्रांची संख्या शून्य होईपर्यंत थांबावे, पण त्यालाही वरची मर्यादा हवी. ॲन्सिबलचे एचएप्रॉक्सी मॉड्यूल मूळ सेटिंगनुसार ५ सेकंदांच्या अंतराने २५ वेळा पाहते, म्हणजे सुमारे दोन मिनिटे. आमच्याकडे पेमेंटचे पान दहा मिनिटे वैध असते, म्हणून आम्ही ती मर्यादा बारा मिनिटे केली. आपल्या सेवेतला सर्वांत लांब व्यवहार किती वेळ चालतो हे मोजून आपला आकडा ठरवावा.

सेवा थांबवतानाही तोच विचार लागू होतो. सर्व्हरवरच्या सेवा चालवणारी सिस्टिमडी थांबण्याचा इशारा देऊन मूळ सेटिंगनुसार ९० सेकंद थांबते आणि मग प्रक्रिया सक्तीने बंद करते. ॲप्लिकेशन इशारा ऐकून हातातले काम पुरे करते का, हे आधी पाहून ठेवावे.

लोड बॅलन्सरच्या मागे नसलेली कामे येथे हमखास विसरली जातात. रांगेतली कामे उचलणारे वर्कर आणि क्रॉन यांना निचऱ्याची काहीच कल्पना नसते. जुन्याचा क्रॉन चालू आणि नव्याचाही चालू, अशी काही तासांची गाठ पडली, आणि पहिल्या फेरीच्या दिवशी कार्यक्रमाची आठवण देणारा एसएमएस काही लोकांना दोनदा गेला. आठवणीच्या जागी पैसे परत करण्याचे काम असते तर? त्यानंतर आम्ही वेळापत्रकाची सर्व कामे एका ठरावीक सर्व्हरवर नेली, आणि वर्करांसाठी स्वतंत्र टास्क लिहिला : जुन्याचा वर्कर आधी नवी कामे घेणे थांबवतो, हातातले संपवतो, आणि मगच नव्याचा सुरू होतो.

तालीम आणि प्रत्यक्ष दिवस

ॲन्सिबलचा ‘चेक’ प्रकार काय बदलेल हे दाखवतो, पण शेल आज्ञा तो चालवतच नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. दोन लहान सर्व्हर आणि एक लोड बॅलन्सर एवढी तालमीची मांडणी पुरते. तालमीत प्लेबुक यशस्वी होते का हे पाहण्यापेक्षा ते योग्य जागी थांबते का हे पाहावे. आम्ही फॉन्टचे पॅकेज मुद्दाम वगळले, डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा दिला, एक लोड बॅलन्सर बंद ठेवला, आणि मधूनच नेटवर्क तोडले. चारांपैकी दोन वेळा प्लेबुक थांबायला हवे तिथे थांबले नाही. हँडलरचा आणि ‘रेस्क्यू’चा, असे दोन्ही दोष तिथेच सापडले.

प्रत्यक्ष काम सकाळी अकराला सुरू करावे. पासांची विक्री संध्याकाळी वाढते, आणि चूक झाली तर जागी असलेली माणसे हाताशी असतात. प्लेबुक स्वतःच्या लॅपटॉपवरून चालवू नये. डेटा सेंटरमधल्याच नियंत्रक यंत्रावर, टीमक्स या टर्मिनलच्या साधनातल्या सत्रात चालवावे, म्हणजे घरची वीज किंवा इंटरनेट गेले तरी काम चालू राहते आणि दुसरा सहकारी त्याच सत्रात येऊन पुढे पाहू शकतो. पुरानंतर आमच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची सोय होती. पूर्ण अहवाल फाइलमध्ये साठवावा. आम्ही तीन फेऱ्या तीन वेगळ्या दिवशी केल्या, आणि हाताने बदललेले ते दोन सर्व्हरही नव्याने बनवले.

परतीचा रस्ता आणि साफसफाई

जुना सर्व्हर सेवा थांबवून सात दिवस तसाच ठेवावा. परत जायचे झाले, तर त्याच ‘जोडीदार’ चलाच्या आधारे लिहिलेले उलटे प्लेबुक त्याच्या सेवा सुरू करते, तपासते, लोड बॅलन्सरमध्ये घेते आणि नव्याचा निचरा करते. तेही तालमीत चालवून पाहिलेले असावे. या सात दिवसांत जुन्या सर्व्हरवर डिप्लॉय होत नाही हे विसरू नये : चौथ्या दिवशी ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती गेली असेल, तर परत जाण्याआधी ती जुन्यावरही चढवावी लागते.

सात दिवसांनी देखरेखीतली नावे, बॅकअपच्या यादीतल्या नोंदी, डीएनएस, डेटाबेसच्या फायरवॉलमधले जुने पत्ते आणि जुन्या सर्व्हरांच्या किल्ल्या एकामागून एक काढाव्यात. गेटवेच्या आणि एसएमएस सेवेच्या यादीतले जुने आयपी पत्ते काढायला सांगणारी पत्रेही लिहावीत, कारण तेच पत्ते उद्या डेटा सेंटर दुसऱ्या ग्राहकाला देईल. डिस्क पुसून सर्व्हर परत केल्यावर इन्व्हेंटरीतला ‘जुने’ हा गट आणि ‘जोडीदार’ हे चल काढून टाकावे, बदल गिटमध्ये नोंदवावा, आणि नियंत्रक यंत्रावर आता ॲन्सिबलची नवी आवृत्ती बसवावी.